भिंतीलगतचे मेज

(सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय एक लाकडी मेज आहे. याफोच्या जुन्या बाजारातून आपण फिरलात, तर अशी मेजे आपणांस पाहावयास मिळतील. उंची माणसाच्या कमरेइतकी, रुंदी बेताची, वर संगमरवराची फळी आणि खाली चार सरळ, निमुळते होत गेलेले पाय. फळीखालच्या पट्टीवर फुलांचे हार, फितीच्या गाठी आणि मधोमध एखादा कलश कोरलेला. दुकानदाराला विचारले, तर तो म्हणतो, "हे सोळाव्या लुईचे." हे उत्तर बहुधा अर्धेच खरे असते. मेजाचे रूप फ्रान्सच्या सोळाव्या लुई राजाच्या काळातले असते. मेज स्वतः मात्र त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी घडविलेले असते. प्राचीन ग्रीस आणि रोम यांच्या कलेला आदर्श मानून अठराव्या शतकात जी शैली निर्माण झाली, तिला अभ्यासक नवअभिजात शैली म्हणतात. आणि तीच शैली एकोणिसाव्या शतकात पुन्हा प्रचारात आली, तेव्हा तिला नवअभिजात पुनरुज्जीवन असे नाव मिळाले. आपले मेज या दुसऱ्या जन्मातले आहे.

अशा मेजाला चार प्रश्न विचारता येतात. ते कोणाकडे पाहून घडले? कोणी घडविले? कोणाच्या घरी गेले? आणि त्या घरातून बाहेर कसे पडले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर लाकडावर कोरलेलेच असते. दुसऱ्याचे काही अंशी मेजाच्या पाठीमागे सापडते. उरलेल्या दोहोंची उत्तरे मात्र लाकडावर कोठेही नसतात, आणि आपणां यहुदी लोकांना तेच दोन प्रश्न सर्वांत जवळचे आहेत.

प्रथम या वस्तूचे काम समजून घेऊ. हे मेज जेवणासाठी किंवा लिहिण्यासाठी केलेले नसे. दिवाणखान्यात दोन खिडक्यांमधल्या भिंतीला ते टेकवून ठेवीत आणि त्याच्या वर मोठा आरसा लावीत. संध्याकाळी त्यावर मेणबत्त्यांच्या समया मांडल्या, म्हणजे आरशामुळे त्यांचा उजेड दुणावत असे. भोजनगृहात असेल, तर नोकर त्यावर भांडी आणि पदार्थ मांडून ठेवीत. पाठीमागची बाजू भिंतीकडे वळलेली असल्यामुळे तिच्यावर कोरीवकाम करीत नसत. कित्येकदा तेथे रंधाही पुरता फिरविलेला नसे. म्हणूनच जाणकार मनुष्य मेजाची परीक्षा समोरून करीत नाही, ते ओढून त्याची पाठ पाहतो.

आता पहिला प्रश्न. इसवी सन ७९ मध्ये इटलीतील व्हेसूव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि पाँपेई व हर्क्युलेनियम ही दोन नगरे गाडली गेली. हर्क्युलेनियमवर अतिउष्ण राख आणि वायू यांचा असा लोट आला, की तेथील लाकडी खाटा, कपाटे आणि मेजे जळून नाहीशी न होता कोळसा होऊन मूळ आकारात टिकून राहिली. १७३८ मध्ये हर्क्युलेनियमचे आणि १७४८ मध्ये पाँपेईचे उत्खनन सुरू झाले. तेथील चित्रे आणि वस्तू यांची आलेखने १७५७ पासून नेपल्सच्या राजाश्रयाने ग्रंथरूपाने छापली जाऊ लागली. युरोपातील सुशिक्षितांना प्राचीन रोमन माणसाचे घर प्रथमच आतून दिसले.

तोवर फ्रान्समध्ये नागमोडी वळणांचा शौक होता. पंधराव्या लुईच्या काळातील मेजाचे पाय हरणाच्या पायासारखे वाकलेले असत आणि नक्षीत शिंपले व लाटा यांची गुंतागुंत असे. १७५० नंतर हळूहळू सरळ रेषेचे राज्य सुरू झाले. मेजाचा पाय म्हणजे प्राचीन देवळाचा लहानसा खांब झाला, आणि खांबावरच्या उभ्या पन्हळी पायावर उतरल्या. फळीखालची पट्टी ही देवळाच्या छपराखालच्या कोरीव पट्टीची प्रतिकृती झाली. अकँथस नावाच्या झुडपाची कातरलेली पाने, मेंढ्याची मस्तके, हार, कलश, गोल फुलांच्या चकत्या हे सारे रोमन वेद्या आणि शवपेट्या यांवरून लाकडावर आले. इंग्लंडात रॉबर्ट अ‍ॅडम या वास्तुशिल्पज्ञाने १७५४ ते १७५८ या काळात इटलीचा प्रवास केला आणि परत येऊन धनिकांच्या वाड्यांतील भिंती, छते, आरसे आणि भिंतीलगतची मेजे अशी एकाच नक्षीत गुंफून दिली. ही भाषा आपल्याला अगदीच परकी नाही. मुंबईच्या कोट भागातील केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, जे १८८४ मध्ये सासून घराण्याने उभारले, त्याचे दर्शनी रूप याच अभिजात परंपरेतले आहे. तेथे तेफिला करून आलेल्या माणसाने ही शैली नकळत डोळ्यांत साठविलेली असते.

येथे क्षणभर थांबावयास हवे, कारण ज्वालामुखीचा स्फोट झाला त्या इसवी सन ७९ मध्येच रोमच्या गादीवर टायटस बसला. नऊ वर्षांपूर्वी, सन ७० मध्ये, याच टायटसने यरुशलेम जिंकले आणि त्याच्या सैन्याने आपले दुसरे बेथ हामिकदाश जाळले. रोममधील त्याच्या नावाच्या कमानीवर विजययात्रेचे शिल्प आहे. त्यातील मेनोरा आपणां सर्वांना ठाऊक आहे. इस्राएलच्या राजमुद्रेवर ती आली आहे. पण त्याच शिल्पात मेनोराच्या पुढे, सैनिकांच्या खांद्यांवर, आणखी एक वस्तू दिसते. ते मेज आहे. लेहेम हापानीमचे, म्हणजे समर्पित भाकरींचे मेज. आणि त्याला टेकलेल्या दोन चांदीच्या तुताऱ्या. योसेफस या आपल्या इतिहासकाराने ही विजययात्रा वर्णिली आहे आणि लुटीत या सोन्याच्या मेजाचा उल्लेख केला आहे. ही लूट पुढे व्हेस्पासियनने बांधलेल्या शांतिदेवतेच्या देवळात ठेवण्यात आली.

त्या मेजाची मापे शेमोथच्या पुस्तकात दिली आहेत: दोन हात लांब, एक हात रुंद, दीड हात उंच, बाभळीचे लाकूड, त्यावर शुद्ध सोन्याचा पत्रा आणि भोवती सोन्याचा काठ. त्याची जागाही सांगितली आहे: मिशकानच्या उत्तर बाजूस. मापे जुळवून पाहिली, तर हे मेज आजच्या भिंतीलगतच्या मेजाएवढेच भरते. अठराव्या शतकात रोमला जाऊन कमानी मोजणारे आणि त्यांची नक्षी कागदावर उतरवून घेणारे तरुण टायटसच्या कमानीपाशीही उभे राहत. त्यांना तेथे पाने, फुले आणि खांबांचे प्रमाण दिसे. आपल्याला तेथे घरातून उचलून नेलेले एक मेज दिसते. या शैलीकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत, आणि आजच्या कथेत त्या दोन्हींचे काम पडणार आहे.

आता दुसरा प्रश्न: घडविणारे हात. सोळावा लुई १७७४ मध्ये गादीवर आला. त्याच्या काळी पॅरिसमध्ये सुतारांचा संघ होता. त्यात दोन प्रकारचे कारागीर असत. एक भरीव लाकडात खुर्च्या आणि कोरीव मेजे करणारे, व दुसरे लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवून कपाटे आणि पेट्या सजविणारे. सोन्याचा वर्ख चढविणाऱ्यांचा संघ वेगळा. उस्तादाने आपल्या नावाचा लोखंडी ठसा वस्तूवर मारावा, असा नियम त्या शतकाच्या मध्यापासून होता, आणि या ठशांमुळेच त्या काळची कित्येक मेजे आज नावानिशी ओळखता येतात. राणी मारी आंत्वानेत हिचा आवडता कारागीर झाँ-आंरी रीझनेर हा जन्माने जर्मन होता. पॅरिसच्या पूर्वेकडील फोबूर सेंत-आंत्वान या वस्तीत संघाचे नियम शिथिल असल्यामुळे बाहेरून आलेल्या पुष्कळ कारागिरांना तेथे आसरा मिळे. यहुदी माणसाला मात्र संघात प्रवेश नव्हता. राजाच्या मेजावर आपल्या नावाचा ठसा मारणे त्याला शक्यच नव्हते.

मग क्रांती झाली. १७९३ आणि १७९४ या दोन वर्षांत व्हर्सायच्या राजवाड्यातील सामानाचा लिलाव पुकारण्यात आला. १७,००० हून अधिक नगांची विक्री झाली आणि राजाची मेजे व्यापाऱ्यांच्या घरी, परदेशांत, कोठल्या कोठे गेली. परंतु आपल्या कथेतील खरे महत्त्वाचे वर्ष त्याच्या अगोदरचे आहे. १७९१ च्या मार्च महिन्यात राष्ट्रसभेने कारागिरांचे संघ रद्द केले. कोणीही कोणताही धंदा करावा, असे ठरले. त्याच वर्षी २७ सप्टेंबर रोजी त्याच सभेने फ्रान्समधील यहुद्यांना समान नागरिकत्व दिले, आणि नोव्हेंबरमध्ये त्या निर्णयावर राजाची मोहोर उमटली. तो राजा सोळावा लुईच होता. ज्याच्या नावाने आपले मेज ओळखले जाते, त्याच्याच मोहोरेने यहुदी माणूस फ्रान्सचा नागरिक झाला. मेज घडविण्याचा दरवाजा आणि मेज विकत घेऊन आपल्या दिवाणखान्यात मांडण्याचा दरवाजा असे दोन्ही एकाच वर्षी उघडले.

साठ-सत्तर वर्षे गेली. तिसऱ्या नेपोलियनची सम्राज्ञी युजेनी हिला मारी आंत्वानेतविषयी विलक्षण ओढ होती. तिने राणीच्या वस्तू जमविल्या, आपल्या महालांत त्याच धर्तीचे सामान करून घेतले आणि १८६७ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले असता व्हर्सायच्या आवारातील पेती त्रियानों या लहान महालात राणीच्या आठवणींचे प्रदर्शन भरविले. त्याच वर्षीच्या जागतिक प्रदर्शनात लंडनच्या राइट अँड मॅन्सफील्ड या पेढीने अ‍ॅडमच्या धर्तीचे एक कपाट मांडले आणि साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाने ते विकत घेतले. इंग्लंड आणि फ्रान्स या दोन्ही देशांत जुन्या सरळ रेषेचे दिवस परत आले. १८७० मध्ये फ्रान्सची बादशाही गेली, प्रजासत्ताक आले, तरी दिवाणखान्यातला राजा काही हलला नाही. डॉक्टर, वकील, दुकानदार, कारखानदार, प्रत्येकाला आपल्या घरात थोडेसे व्हर्साय हवे होते.

ही मागणी पुरविणारी जागा पुन्हा तीच: फोबूर सेंत-आंत्वान. गल्लीबोळांत आणि चौकांत शेकडो कारखाने होते. एका ठिकाणी सुतार सांगाडा जुळवी, दुसऱ्या ठिकाणी कातारी पाय कातून देई, तिसरा पटाशीने पाने-फुले कोरी, चौथा संगमरवर कापी, पाचवा लाखेचे पॉलिश चढवी. ही लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जात असे. १८८६ मध्ये त्या भागात फर्निचरच्या कारागिरीची शाळा निघाली. तिला सतराव्या शतकातील उस्ताद आंद्रे-शार्ल बूल याचे नाव दिले, आणि ती आजही चालू आहे. बोहेमियातून आलेल्या फ्रांस्वा लिंके याच्यासारखे उस्ताद राजवाड्यांना शोभतील अशी मेजे करीत. लहान कारखाने त्याच धर्तीची स्वस्त मेजे करून मोठ्या दुकानांना पुरवीत.

आणि येथे आपली माणसे प्रवेश करतात. १८८१ नंतर रशियात यहुद्यांवर हल्ले सुरू झाले. रशिया, पोलंड आणि रुमानिया येथून हजारो कुटुंबे पश्चिमेकडे निघाली. त्यांतील सुतार आणि कोरीवकाम करणारे पॅरिसमध्ये फोबूर सेंत-आंत्वानच्या आसपास स्थिरावले. लंडनमध्ये ते शोरडिच आणि कर्टन रोडच्या परिसरात गेले. मध्य युरोपातून आलेल्या एका यहुदी सुताराच्या घराण्यातील हॅरिस लेबस यांचा लंडनमधील कारखाना पुढे जगातील सर्वांत मोठ्या फर्निचर कारखान्यांत गणला गेला. बहुतेकांचे नशीब एवढे मोठे नव्हते. त्यांच्या वाट्याला अंधाऱ्या खोलीतले, नगावर मजुरी मिळणारे काम आले. घरी यिद्दिश बोलणारा, शब्बाथ पाळणारा माणूस आठवडाभर फ्रान्सच्या राणीच्या फिती आणि रोमन वेदीवरचे हार कोरीत बसे. त्याला रोम ठाऊक होते ते तिशा बे-आवच्या शोकगीतांतून. तरी हात चुकत नसे.

अशा मेजाची पाठ पाहिली म्हणजे या कारागिरांचा काळ उघड होतो. हाताच्या करवतीचे ओरखडे सरळ असतात, गोल यंत्रकरवतीचे कमानीसारखे वाकलेले. असे वाकलेले ओरखडे दिसले, तर लाकूड एकोणिसाव्या शतकातले किंवा नंतरचे समजावे. अठराव्या शतकातला स्क्रू हाताने कानस मारून केलेला असे. त्याची खाच थोडी तिरकस आणि टोक बोथट असे. सगळे स्क्रू एकसारखे आणि टोकदार असले, तर ते कारखान्यातले. कोरीवकामाकडे नीट पाहावे. १८४५ मध्ये इंग्लंडात टॉमस जॉर्डन याने लाकूड कोरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि लंडनच्या पार्लमेंटच्या नव्या इमारतीसाठी ते वापरलेही गेले. यंत्र ओबडधोबड आकार काढून देई. शेवटचा हात माणसालाच फिरवावा लागे. हारातली दोन फुले तंतोतंत सारखी नसली, तर तेथे पटाशी फिरली आहे. या मेजांना नकली म्हणून हिणविण्याची रीत आहे, ती मला मान्य नाही. फसवणुकीसाठी जुने म्हणून विकले, तर तो विकणाऱ्याचा दोष. उघडपणे जुन्या धर्तीचे म्हणून केलेले मेज हे आपल्या काळाचे प्रामाणिक अपत्य असते.

तिसरा प्रश्न: ही मेजे कोणाच्या घरी गेली? एक घर फार मोठे होते. कामोंदो हे इस्तंबूलचे सेफारदी यहुदी सावकार घराणे. मोईज द कामोंदो यांचा जन्म १८६० मध्ये इस्तंबूलला झाला. बालपणीच ते कुटुंबासह पॅरिसला आले. अठराव्या शतकातील फ्रेंच फर्निचर जमविणे हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी १९११ ते १९१४ या काळात रेने सेर्जां या वास्तुशिल्पज्ञाकडून त्यांनी पेती त्रियानोंच्या धर्तीवर घर बांधून घेतले. म्हणजे घर स्वतःच पुनरुज्जीवन शैलीचे आणि आतील सामान मूळ काळचे. हे सारे त्यांचा मुलगा निसीम याच्यासाठी होते. निसीम पहिल्या महायुद्धात वैमानिक झाला आणि सप्टेंबर १९१७ मध्ये फ्रान्ससाठी लढताना विमानयुद्धात मारला गेला. वडिलांनी घर आणि संग्रह राष्ट्राला दिला. संग्रहालयाला मुलाचे नाव द्यावे आणि वस्तू होत्या तशाच राहाव्यात, अशी त्यांची इच्छा होती. १९३५ मध्ये ते वारले. १९३६ मध्ये संग्रहालय उघडले. त्यांची मुलगी बेआत्रिस, तिचे पती लेओं रेनाक आणि त्यांची मुले फानी व बेर्त्रां यांना १९४३ आणि १९४४ मध्ये आउश्वित्सला पाठविण्यात आले. चौघांपैकी कोणीही परतले नाही. आज त्या घरातील प्रत्येक मेज आपल्या जागी आहे. त्यांभोवती बसणारे कुटुंब मात्र संपले.

इतर हजारो घरे लहान होती. फोबूर सेंत-आंत्वानचा सुतार, शिंपी, टोप्या करणारा, लहान दुकानदार अशांनी हप्त्यांनी पैसे देऊन अक्रोडाचे किंवा बीचचे, सोळाव्या लुईच्या धर्तीचे एखादे मेज घेतले. त्यावर शब्बाथच्या मेणबत्त्यांचे दिवे, आजोबांचे छायाचित्र आणि एखादी काचेची फुलदाणी. परदेशातून आलेल्या माणसाला ते मेज सांगत असे, की आता आपण येथले झालो.

चौथा प्रश्न आता येतो. १९४२ पासून नात्सी सत्तेने फ्रान्स, बेल्जियम आणि हॉलंड येथे यहुद्यांची घरे रिकामी करण्याची मोहीम चालविली. तिचे नावच मुळी 'मोबेल आक्त्सिओन', म्हणजे फर्निचर मोहीम असे होते. कुटुंब पकडून नेले किंवा ते जीव वाचवून पळाले, की त्या घरापुढे सामान वाहणाऱ्या गाड्या उभ्या राहत. मेजे, पलंग, पियानो, शिवणयंत्रे, भांडी, पडदे, खेळणी, सारे उचलले जाई आणि रेल्वेने जर्मनीकडे रवाना होई. ऑगस्ट १९४४ पर्यंत तीन देशांत मिळून ६९,६१९ घरे लुटली गेली; त्यांतील सुमारे ३८,००० एकट्या पॅरिसमधली. सामान वाहून नेण्यास २६,९८४ रेल्वे डबे लागले. हे आकडे लुटणाऱ्यांनीच टिपून ठेवलेले आहेत.

सामान निवडण्यासाठी पॅरिसमध्ये तीन ठिकाणी यहुदी कैद्यांना राबविले गेले. त्यांतील एक ठिकाण म्हणजे लेवितान यांचे फर्निचरचे दुकान. वोल्फ लेवितान हे यहुदी व्यापारी. त्यांच्या दुकानातील सामान दीर्घकाळ टिकते, ही त्यांची जाहिरात साऱ्या पॅरिसला पाठ होती. दुकान जप्त झाले आणि जुलै १९४३ पासून ते कारागृह बनले. कैदी वरच्या मजल्यावर झोपत. खाली त्यांनी पेट्या उघडायच्या, वस्तू पुसायच्या, दुरुस्त करायच्या आणि दुकानात मांडतात तशा मांडायच्या. जर्मन अधिकारी येऊन हवे ते निवडून नेत. तिन्ही ठिकाणी मिळून सुमारे ८०० कैदी राबले. त्यांतील काहींच्या हाती त्यांच्याच घरातल्या वस्तू आल्या.

या लुटीत एक भेद होता, आणि आपल्या मेजाच्या दृष्टीने तोच निर्णायक ठरला. नामांकित चित्रे आणि उस्तादांचा ठसा असलेली जुनी मेजे वेगळी काढून झ द पोम या संग्रहालयात नेली जात. तेथे त्यांची एकेक नोंद होई. फ्रान्समधून घेतलेल्या अशा २१,००० हून अधिक कलावस्तूंची यादी नात्सींनी केली होती. तेथे काम करणाऱ्या रोझ वालां या फ्रेंच बाईंनी आपला जीव धोक्यात घालून कोणती वस्तू कोठे गेली याची गुप्त टिपणे ठेवली, आणि युद्धानंतर त्यांच्या आधाराने पुष्कळ वस्तू परत आल्या. पुनरुज्जीवन शैलीच्या मेजाला हे भाग्य लाभले नाही. त्याच्यासारखी हजारो होती. त्यावर राजाच्या उस्तादाचा ठसा नव्हता. त्याची नोंद झाली ती डब्यांच्या हिशेबात. रीझनेरच्या मेजाला इतिहास होता म्हणून ते सापडले. शिंप्याच्या मेजाचा इतिहास फक्त शिंप्याच्या घरच्यांना ठाऊक होता.

१९४४-४५ मध्ये जे वाचले ते परत आले. कित्येकांच्या घरांत दुसरेच लोक राहत होते. सापडलेले थोडे सामान सरकारने मांडून ठेवले. परंतु हजार एकसारख्या मेजांतून आपले कोणते हे ओळखावे कसे? भरपाईसाठी अर्ज करताना लोकांनी हरवलेल्या सामानाच्या याद्या लिहिल्या. फ्रेंच फर्निचरच्या इतिहासाच्या अभ्यासक लिओरा ऑस्लँडर यांनी त्या अभ्यासल्या आहेत. माणसे स्मरणाने एकेका खोलीतून चालत गेली आणि दिसेल ते टिपत गेली. खिडकीजवळ काय, भिंतीलगत काय, खणात काय, किती चमचे, किती चादरी. जी घरे जगात उरली नव्हती, ती कागदावर उभी राहिली. राजांच्या सामानाची यादी दरबारी कारकून करतात. या याद्या घरधन्यांनी आणि घरधनिणींनी स्वतः केल्या.

आता आपल्याविषयी थोडे बोलतो. आपण बेने इस्राएल लोकांनी कोकणातील आणि मुंबईतील घरे सोडली, ती कोणी हाकलले म्हणून नव्हे. हिंदुस्थानात आपल्या दारापुढे अशी गाडी कधी उभी राहिली नाही, आणि याबद्दलची कृतज्ञता आपण आजही बोलून दाखवितो. तरी सामान मागेच राहिले. मुंबईचे शिसवी कोरीवकाम एकोणिसाव्या शतकात युरोपातही नावाजलेले होते, आणि शिसवी मेज किंवा कपाट आपल्याही काही घरांत होते. विमानात आणि आगबोटीत ते मावले नाही. शेजाऱ्याला दिले, विकले, भावाकडे ठेवले. येथे आल्यावर प्रथम सरकारी खाट मिळाली, मग हळूहळू घर भरले. आज आपल्या काही घरांत याफोच्या बाजारातून आणलेले एखादे युरोपीय मेजही असेल. ते येथे कोणाबरोबर आले, हे विचारण्याजोगे आहे. जर्मनीतून १९३० नंतर आलेल्या कुटुंबांनी आपले सामान मोठमोठ्या खोक्यांत घालून आणले होते; कदाचित ते त्यांचे असेल. कदाचित त्याचा मार्ग वेगळा असेल.

बेथ हामिकदाश गेल्यानंतर आपल्या पंडितांनी शिकविले, की वेदीचे काम आता माणसाच्या घरातील मेज करते. त्यावर भाकरी ठेवावी, पाहुण्याला बसवावे. टायटसने नेलेले मेज परत आले नाही, पण त्याची मापे शेमोथमध्ये लिहिलेली असल्यामुळे ते आपल्याला आजही डोळ्यांपुढे उभे करता येते. दोन हात, एक हात, दीड हात. जे लिहिले गेले ते लुटता आले नाही.

म्हणून माझी एकच विनंती आहे. पुढच्या आठवड्यात घरातील जुने मेज, कपाट किंवा पेटी भिंतीपासून थोडी ओढा. तिची पाठ पाहा. करवतीचे ओरखडे, स्क्रू, एखादा ठसा किंवा दुकानाची चिठ्ठी असेल, तर तिची नोंद करा. मग घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाला विचारा, की ही वस्तू कोणी घेतली, कोठून, कोणत्या घरात होती आणि तिच्यावर काय ठेवीत असत. जे घर मुंबईला, पुण्याला, पनवेलला, अलिबागला मागे राहिले, त्याचीही अशीच खोलीवार यादी करून घ्या. मराठीत लिहा, आजीला जे शब्द येतात त्याच शब्दांत लिहा: माच, फळी, पाट, मांडणी, समई. एक प्रत मुलांना द्या आणि एक मेजाच्या पाठीवर, जेथे कोरीवकाम नसते तेथे, चिकटवून ठेवा.